वरचा मजला आणि पाच महिन्यांची बाकी

जळगावच्या एका वाचकाचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, म्हणून गाभा तेवढा देते.

"मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो, वय 63. फंड आणि ग्रॅच्युइटीचे 24 लाख घालून पिंप्राळ्याकडच्या राहत्या घरावर मजला चढवला. वर दोन ब्लॉक, प्रत्येकी भाडं 6,500. खालची पुढची खोली मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला 5,500 ने दिली, त्याची वीज आमच्याच घरच्या मीटरवर आहे. एका ब्लॉकमध्ये विद्यापीठात शिकणारी तीन मुलं आहेत, तक्रार नाही. दुसऱ्यात एमआयडीसीत काम करणारं कुटुंब चार वर्षांपासून आहे. त्यांनी पाच महिने भाडं दिलेलं नाही. सुरुवातीला शंभरच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा नोटरी करार केला होता, पुढे केलाच नाही. भाडं रोख घेतो, पावती देत नाही, बायको कॅलेंडरवर लिहून ठेवते. डिपॉझिट 10,000 आहे. शेजारचे म्हणतात, वीज तोडा, दोन दिवसांत सुतासारखा सरळ होईल. बायको म्हणते, त्यांची मुलगी दहावीला आहे, राहू द्या. पुण्याचा मुलगा म्हणतो, विकून टाका सगळं. आणि एक ओळखीचा एजंट महामार्गालगत चार लाखांत प्लॉट देतोय, म्हणतो भाड्याची कटकटच नको. घर बांधलं तेव्हा वाटलं होतं, बसल्या जागी दुसरं पेन्शन सुरू झालं. आता रात्री झोप येत नाही. काय करू?"

आप्पा,

त्या 'दुसऱ्या पेन्शन'वरच आधी बोलू, कारण घोळ तिथूनच सुरू झालाय. तुमचं पेन्शन सरकारकडून येतं, तुम्ही झोपलात तरी येतं. भाडं ज्याच्याकडून येतं त्याचा पगार लांबू शकतो, त्याची नोकरी जाऊ शकते, किंवा तो सरळ लबाडही असू शकतो. त्यापेक्षा रावेर-यावलच्या केळीवाल्याकडे बघा. बाग उभी आहे म्हणून तो घरी बसत नाही. पाणी, खत, घडाला टेकू, सगळं बघतो आणि तरी वळवाच्या वाऱ्याची धास्ती असतेच. तुम्ही मात्र मजला चढवला, किल्ल्या दिल्या आणि कॅलेंडर बायकोच्या हवाली केलं.

पण आधी विजेचं. तोडू नका. शेजाऱ्यांचं ऐकून तुम्ही एकदा फ्यूज काढलात की आजवर देणेकरी असलेला माणूस फिर्यादी होतो आणि तुम्ही आरोपी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 सालचा आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा अत्यावश्यक सोयी घरमालकानं विनाकारण तोडायच्या नाहीत, असं त्यात कलम 29 मध्ये स्पष्ट लिहिलंय. भाडं थकलं हे कारण तुम्हाला पुरेसं वाटतं, पण कोर्टाला तसं वाटेल या भरवशावर राहू नका. कोर्ट जोडणी पुन्हा द्यायला लावतं आणि प्रकरण फौजदारीपर्यंत जाऊ शकतं. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणं त्यातच आलं; कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं हेही करू नका. जळगावच्या मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना, दहावीच्या मुलीच्या घरातला कूलर बंद करणारा म्हणून गल्लीत नाव होईल ते वेगळंच. काकूंचं मन या बाबतीत कायद्याच्या बाजूचं आहे, एवढं त्यांना सांगा.

आता खरं दुखणं. तुमच्या हातात कागद काय आहे? मुदत संपलेला एक नोटरी करार. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की बसलीय की सुशिक्षित माणसंही तीच सांगतात. ती आली कुठून, तर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, असं जुन्या नोंदणी कायद्यात आहे, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्रात ती पळवाट 1999 च्या कायद्यानं बंद केली. कलम 55 म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. शिवाय नोंदवायची जबाबदारी घरमालकावर टाकलीय, भाडेकरूवर नाही. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध करणं तुमच्याकडे. म्हणजे उद्या तो म्हणाला, 'भाडं 4,000 ठरलं होतं आणि मी दर महिन्याला रोख दिलंय', तर तुमच्याकडे काय आहे? दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅस सिलिंडरच्या तारखांच्या मधे पेन्सिलीनं मारलेली बरोबरची खूण. पावती देणं याच कायद्यानं तुमच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा तिथं चूक तुमची आहे, त्याची नाही.

हे मी शहाणपण मिरवायला लिहीत नाही. धुळ्यात देवपूरला आमच्या दोन खोल्या आहेत. ओळखीतून आलेल्या एका जोडप्याला तोंडी बोलीवर दिल्या होत्या. सासूबाई दर पाच तारखेला विचारायच्या, 'भाडं उनं का?' आणि मी म्हणायचे, येईल हो, आपलेच आहेत. कानबाईच्या सणाच्या, रोटांच्या गडबडीत आम्ही गावी गेलो, परत आलो तर किल्ली टाकीच्या झाकणावर आणि खोल्या रिकाम्या. सात महिन्यांचं भाडं, विजेचं बिल, वर मोटारीचा पाइपही काढून नेलेला. वकिलाकडे गेले तर त्यांनी विचारलं, ते तिथं राहत होते हे दाखवणारं काही आहे? एका लग्नाच्या फोटोत मागच्या बाजूला दोघं उभे होते, तेवढंच.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार (वर्षाचा गडी) तोंडी शब्दावर ठरतो आणि वर्ष निभावलं जातं, हे खरं. पण तिथं दोन्ही घरं एका गावात असतात, शब्द मोडला तर चारचौघांत तोंड दाखवायचं असतं. शहरात भाड्यानं आलेल्या माणसाला ते बंधन नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही डिपॉझिट बुडवलंत तर तो कोणाकडे जाणार?

तर आता क्रमानं. वकिलाच्या नोटिशीआधी एकदा वर जा. संध्याकाळी, तो जेवून निवांत असताना, फोन करून जा. 'भाडं कधी देतोस' हे आधी विचारू नका, कंपनीत काय चाललंय ते विचारा. चार वर्षांत पहिली साडेतीन वर्षं वेळेवर देणारा माणूस अचानक थांबतो तेव्हा बहुतेक वेळा लबाडी नसते, काहीतरी घडलेलं असतं. डाळमिलमध्ये काम कमी झालं असेल, घरात आजारपण असेल. ते कळलं की दोन वाटा होतात.

त्याची द्यायची तयारी असेल तर तिथंच कागदावर घ्या: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे 32,500 बाकी आहेत हे मान्य, चालू भाड्यासोबत दरमहा 3,000 जास्त देईन, नाहीतर अमुक तारखेला खोली सोडीन. दोघांच्या सह्या, तारीख. घरी आल्यावर हेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्याचं 'हो काका' येऊ द्या. ते दोन शब्द पुढे लाखमोलाचे. मुलीच्या परीक्षेपर्यंत मुदत द्यायची असेल तर खुशाल द्या, पण लिहून द्या. थकलेल्या भाड्याचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, तेव्हा दयेलाही तारीख असावी. आणि डिपॉझिटमधून वळतं करून घेऊ असं म्हणाल, तर 10,000 म्हणजे दोन महिन्यांचं भाडंही भरत नाही.

तो उडवाउडवी करत असेल तर वकिलामार्फत लेखी नोटीस. इथून रस्ता लांब आहे हे आधीच सांगते, म्हणजे मधेच संतापून फ्यूजकडे हात जाणार नाही. तुमचा नोंदणीकृत परवाना करार (ठरल्या मुदतीपुरती नुसती राहण्याची परवानगी देणारा) नाही, म्हणून तो स्वतःला भाडेकरू म्हणवून घेऊ शकतो. मग भाडं थकल्याच्या कारणावर नोटीस दिल्यावर 90 दिवस दावा लावता येत नाही. दावा लागल्यावर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्यानं सगळी बाकी 15 टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं भरत राहिला, तर त्या कारणावर घर खाली करून मिळत नाही. वाईट वाटेल, पण पैसे तरी हातात येतात. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन दाखलपूर्व लोकअदालतीत प्रकरण ठेवता येईल का ते विचारा. अशा 30-40 हजारांच्या भांडणांना ती जागा कोर्टापेक्षा बरी. दोघंही एकाच जिन्यानं वर-खाली करणार आहात, हे विसरू नका.

मुलांच्या ब्लॉकचं आणि इथून पुढचं सगळं मात्र 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवाना करारानं आणि नोंदणी करूनच. खर्चाला घाबरता, म्हणून हिशेब मांडते. 24 महिन्यांचा करार, भाडं 6,500, म्हणजे 1,56,000. डिपॉझिट 20,000 धरलं तर त्यावर वर्षाला 10 टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांचे 4,000 मिळवायचे. झाले 1,60,000. त्याच्या पाव टक्का म्हणजे 400 रुपये मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत 1,000 रुपये नोंदणी फी. वर ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी. आधार कार्ड आणि अंगठ्याचं मशीन घेऊन तो माणूस घरी येतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जायचीही गरज नाही. दोन वर्षांच्या झोपेला हा भाव स्वस्त आहे. या कराराचा खरा उपयोग मुदत संपल्यावर कळतो: राहण्यासाठी दिलेली जागा मुदतीनंतर सोडली नाही, तर दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, नोंदणीकृत कराराचा मजकूर तिथं पुरावा म्हणून पुरतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची भरपाई ठरल्या रकमेच्या दुप्पट लागते. वर्षाला किती वाढ, रंगाचा खर्च कोणाचा, पाण्याची मोटार कोणी किती वेळ चालवायची, हे सगळं त्यात लिहा. पाण्याचं तर नक्कीच. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात टाकी कोणाची आधी भरायची यावरून जेवढी भांडणं होतात, तेवढी भाड्यावरून होत नाहीत.

मुलांचा करार जून ते मे असा बसवा, नाहीतर एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात आणि खोली दोन महिने रिकामी राहते. पालकांचे नंबर घ्या, तिघांची माहिती पोलीस ठाण्यात द्या. आणि नवीन भाडेकरू बघताना, आप्पा, एक आगाऊपणा करून सांगते. आपल्या गावांमधे पगाराची स्लिप मागायच्या आधी आडनाव विचारतात. आडनावानं भाडं येत नाही. आधीच्या घरमालकाला एक फोन केला तर त्यापेक्षा जास्त कळतं.

दुकानाचं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, मला मात्र तिथंच जास्त धोका दिसतो. घरगुती मीटरवर दुकान चालवणं हा वीज कायद्यात अनधिकृत वापर ठरू शकतो. महावितरणच्या पथकानं तसं ठरवलं तर लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि कधीपासून वापर चालू आहे हे ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. बिल तुमच्या नावावर येणार, दुकानदाराच्या नाही. शिवाय सक्षम प्राधिकाऱ्याची ती जवळची वाट राहण्याच्या जागेपुरती आहे, दुकानाला नाही. दुकान अडलं तर दिवाणी कोर्टच. म्हणून डिपॉझिट तिथं जास्त घ्या, भाडं बँकेतून घ्या, करार नोंदवा.

आता मुलगा म्हणतो ते 'विकून टाका'. त्याच्याशी भांडण्याआधी एकदा पाटीवर गणित करा. महिन्याला 18,500, वर्षाला 2,22,000. त्यातला एक महिना रिकामी खोली, उशीर, बुडवेगिरी यात जाणार असं धरा. घरपट्टी, पाणीपट्टीचे 14,000 आणि मोटार, रंग, गळती यांचे 25,000 धरते, तुमचा आकडा तुम्ही घाला. उरले 1,64,500. 24 लाखांवर पावणेसात टक्क्यांच्या आसपास. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के मिळत आले. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे पैसे ठेवायच्या दिवशीचा बघा, पण तिथं जिना झाडावा लागत नाही. मग घर चुकलं का? नाही. भाडं वाढतं, व्याज ठरलेलं असतं, आणि वरचा मजला खालच्या राहत्या घरापासून तोडून विकायचा म्हणजे निम्म्या भावात द्यायचा. ठेवा. फक्त वर्षाचे 25,000 वेगळ्या खात्यात टाकत चला, म्हणजे मोटार जळाली की पेन्शनला हात लागणार नाही. भाडं उत्पन्नात दाखवा, लपवू नका. भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेतून 30 टक्के सरळ वजावट मिळते, त्याला एकही पावती लागत नाही.

आणि तो चार लाखांचा प्लॉट. एजंट तुम्हाला 'एन.ए. (बिनशेती) होणार आहे' म्हणाला असेल. 'होणार आहे' या शब्दावर खान्देशात किती जणांचे फंड गेलेत याची यादी कोणी केली नाही, पण प्रत्येक गल्लीत एक तरी घर आहे. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर ले-आऊट आज हातात दाखव म्हणा. सातबारा काढा. त्यावर आठ-दहा नावं सामाईक दिसली आणि तुमचं अकरावं येणार असेल, तर तुम्ही प्लॉट घेत नाही, भाऊबंदकी विकत घेताय. शेतजमिनीचे तुकडे पाडायला 1947 च्या कायद्यानं बंदी आहे. अलीकडे सवलती आल्यात, पण त्या सरसकट नाहीत, तहसीलमधे जाऊन त्या गटापुरतं विचारा. ले-आऊटची जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा (बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी नंबर हवा, तो संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. एजंटनं मोबाइलवर दाखवलेला फोटो चालणार नाही.

मी स्वतः असा एक प्लॉट बघायला गेले होते, उन्हाळ्यात. लाल रंग लावलेले दगड, चुन्याच्या रेघा, रस्त्याच्या जागी मुरूम, सगळं झकास. श्रावणात पुन्हा गेले तर कमरेएवढं गवत, चुना वाहून गेलेला, आणि आमचा दगड कुठला यावर एजंटचं आणि त्याच्या पोऱ्याचं एकमत होईना. बाजूच्या शेतकऱ्यानं कडेकडेनं तूर पेरलेली. कागद सगळे चोख असले तरी प्लॉट महिन्याला एक रुपया देत नाही, उलट कुंपण आणि राखण मागतो. 63 व्या वर्षी तुमचं सगळं आधीच विटांमधे अडकलंय. दवाखान्याला उद्या दोन लाख लागले तर प्लॉटचा कोपरा मोडून देता येत नाही. माझ्या मते घेऊ नका. ओळखीचा आहे म्हणून तर मुळीच नको, त्याला नाही म्हणणं पुढे जास्त अवघड जाईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की वरच्या कूलरचं पाणी गॅलरीतून झिरपून दुकानाच्या भिंतीला पोपडे आलेत. विजेचा बोर्ड त्याच भिंतीवर आहे का? असेल तर आधी वायरमन बोलवा, भाडं त्यानंतर. आणि महावितरणमध्ये दुकानासाठी वेगळ्या मीटरचा अर्ज या सोमवारीच द्या.